ॲरिझोनातील वेव्ह केव्हची छोटी चढाई: नोव्हेंबरअखेरच्या बेतासाठी सल्ला हवा आहे

सायली_ज

नमस्कार. आम्ही ऑस्टिनला राहतो आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत फिनिक्सजवळ नणंदेकडे मुक्कामाला जाणार आहोत. त्यातली एक सकाळ सुपरस्टिशन पर्वतातल्या वेव्ह केव्हसाठी राखून ठेवावी, असा विचार आहे. गुहेच्या तोंडाशी लाटेसारखा उसळलेला दगड आणि त्याच्या पलीकडे पसरलेले वाळवंट अशी छायाचित्रे पाहिल्यापासून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने तिथे जायचाच हट्ट धरला आहे. सध्या आमच्याकडे आलेल्या माझ्या सासऱ्यांनाही ही कल्पना मनापासून आवडली आहे. ते सदुसष्ट वर्षांचे आहेत, सह्याद्रीतले बरेच किल्ले त्यांनी पायाखाली घातले आहेत, रोज तासभर चालतात आणि रक्तदाबाची एक गोळी घेतात. मात्र उतरताना त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. यजमान आणि मी बऱ्यापैकी चालणारे आहोत, परंतु वाळवंटात चालण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नाही.

माहिती शोधली तेव्हा एके ठिकाणी ही वाट सोपी, दुसरीकडे मध्यम आणि तिसरीकडे अवघड म्हटलेली आढळली. जाऊन-येऊन अंतर मात्र सगळे जण तीन मैलांच्या आसपासच सांगतात. तीन मैलांची वाट अवघड असेल तर ती नेमकी कशामुळे, हे मला समजून घ्यायचे आहे. त्याखेरीज भाड्याची साधी सेडान पायथ्यापर्यंत जाते का, परवाना लागतो का, नोव्हेंबरच्या शेवटी किती पाणी बरोबर घ्यावे, किती वाजता निघावे आणि काही जण उल्लेख करतात ती विंड केव्ह म्हणजे हीच जागा का, हेही कोणी सांगितले तर फार मदत होईल. सासऱ्यांना न्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर कृपया शक्य तितके स्पष्ट द्यावे, कारण ‘बाबा, तुम्ही खाली थांबा’ असे ऐन वेळी म्हणण्याचे धाडस आमच्या घरात कोणाकडेच नाही.

रानवाटसरू

सायलीताई, आधी नावांचा गोंधळ मिटवून टाकतो. विंड केव्ह आणि वेव्ह केव्ह या दोन वेगवेगळ्या जागा आहेत. विंड केव्ह मेसा शहराच्या बाजूला, मॅरिकोपा काउंटीच्या युजरी माउंटन रीजनल पार्कमध्ये आहे. वेव्ह केव्ह त्याच्या बरीच आग्नेयेला, पिनाल काउंटीत, गोल्ड कॅन्यन या वस्तीच्या पुढे, टोंटो राष्ट्रीय वनातल्या सुपरस्टिशन वाइल्डरनेसच्या, म्हणजे कायद्याने राखीव ठेवलेल्या रानाच्या, कडेला आहे. सुपरस्टिशन पर्वत म्हटले की पुष्कळ जण नकाशावर लॉस्ट डचमन स्टेट पार्क टाकून मोकळे होतात. परंतु ते उद्यान पर्वताच्या पश्चिम अंगाला आहे आणि तिथून या गुहेकडे वाट नाही. तुम्हाला जायचे आहे ते कार्नी स्प्रिंग्जच्या पायथ्याशी, हे नाव लक्षात ठेवावे.

यूएस ६० या महामार्गावरून गोल्ड कॅन्यनपाशी पेराल्टा रोडला वळायचे. वस्ती संपली की डांबर संपते आणि कच्चा रस्ता सुरू होतो. महामार्गापासून साधारण सहा मैलांवर डाव्या हाताला कार्नी स्प्रिंग्जचा फाटा येतो. कोरड्या हवेत हा रस्ता सेडान सावकाश पार करते. गाडी खडखड वाजते, परंतु अडत नाही. दोन गोष्टींची मात्र आधी खातरजमा करावी. भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास बऱ्याचदा मनाई असते आणि तसे असेल तर टायर फुटल्यावर विमा हात वर करतो. नणंदेची गाडी मिळत असेल तर तीच न्यावी. दुसरे म्हणजे हा रस्ता कोरडे ओढे ओलांडत जातो. आदल्या दिवशी किंवा रात्री पाऊस झाला असेल, मग तो तुमच्या डोक्यावर नव्हे तर लांब डोंगरात का पडलेला असेना, तर त्या दिवशीचा बेत सरळ रद्द करावा. ॲरिझोनात तर असा कायदाच आहे की अडथळे लावून बंद केलेल्या, पाण्याखालच्या रस्त्यावर गाडी घालून कोणी अडकला तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. लोक त्याला ‘स्टुपिड मोटरिस्ट लॉ’ म्हणतात, यावरून त्याची गरज किती वेळा पडत असेल याची कल्पना यावी.

परवाना लागतो. वाइल्डरनेसमध्ये पायी शिरण्यासाठी नव्हे, तर पायथ्याची जमीन ट्रस्ट लँडपैकी, म्हणजे राज्याने शाळांसारख्या संस्थांच्या उत्पन्नासाठी राखलेल्या जमिनीपैकी आहे म्हणून. ॲरिझोना स्टेट लँड डिपार्टमेंटचा मनोरंजन परवाना ऑनलाइन काढता येतो, तो वर्षभर चालतो आणि त्याचे शुल्क बेताचे आहे. तो घरूनच काढून छापील प्रत बरोबर ठेवावी. पायथ्याशी तिकीटघर नाही, पाणी नाही, सावलीही नाही. जे काही विकत घ्यायचे, भरायचे किंवा आटोपायचे असेल ते महामार्ग सोडण्यापूर्वीच उरकून घ्यावे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. वाट अवघड ठरते ती लांबीमुळे नव्हे, तर जवळजवळ सगळी चढण शेवटच्या टप्प्यात साठलेली असल्यामुळे. एकूण चढाई साडेआठशे ते नऊशे फुटांची, म्हणजे सुमारे २७० मीटर आहे. सुरुवातीचा भाग जुन्या गाडीवाटेचा, रुंद आणि जवळपास सपाट आहे. कुंपण ओलांडून वाइल्डरनेसमध्ये शिरेपर्यंत माणूस गप्पा मारत चालतो आणि त्याच भागावरून वाट सोपी असल्याचे मत बनवतो. पुढे वाट फुटते. मोठी वाट कार्नी स्प्रिंग्जच्या दिशेने थेट डोंगरधारेकडे चढत जाते आणि वेव्ह केव्हची अरुंद पायवाट डावीकडे निघते. हा फाटा चुकला तर तुम्ही फार मोठ्या चढाईला लागाल, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा आणि फाट्यापाशी तो उघडून पाहावा. त्यानंतर चोया निवडुंगांच्या दाटीतून, एक कोरडा ओढा ओलांडून वाट डोंगराला भिडते आणि शेवटचा चढ अंगावर येतो. तिथे सुटे दगड आहेत, घसारा आहे, एक-दोन ठिकाणी हात टेकावे लागतात आणि खरी वाट कोणती हे दगडांच्या छोट्या रचनांवरून ओळखावे लागते. गुहा या सगळ्या भागात खालून दिसत असते, आणि ती दिसत असल्यामुळेच माणसे मिळेल त्या चढावरून सरळ तिच्याकडे निघतात. तसे करू नये. खुणेचा दगड सापडत नसेल तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावे.

मुलीला आणि सासऱ्यांना धरून जाण्यायेण्याचे तीन ते साडेतीन तास आणि वर थांबण्याचा वेळ वेगळा, असा हिशेब ठेवावा. नोव्हेंबरच्या शेवटी फिनिक्समध्ये सूर्य सात वाजून काही मिनिटांनी उगवतो आणि साडेपाचच्या आधीच मावळतो. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, त्यामुळे त्या दिवसांत तिथली वेळ ऑस्टिनच्या एक तास मागे असते. म्हणजे तुमच्या शरीराच्या घड्याळाने साडेआठला निघालात तरी तिथे साडेसातच वाजलेले असतील. याचा फायदा घेऊन साडेसातला पायथा सोडावा. सुट्टीच्या दिवसांत नंतर गाडी लावायला जागा मिळणेही कठीण होते.

कातळवेडा

वरील वर्णनाशी मी पूर्ण सहमत आहे. मला फक्त सासऱ्यांविषयी लिहायचे आहे, कारण त्यांचे वर्णन वाचून ते मला ओळखीचेच वाटले.

किल्ले चढलेल्या माणसाला या वाटेवर दम लागण्याची भीती नाही. अडचण उताराची आहे. सह्याद्रीत आपल्याला मुरमाचा घसारा ठाऊक असतो, परंतु तिथे पाय सरकला तर गवताला, कारवीला किंवा एखाद्या मुळीला हात घालून सावरण्याची सवय हाताला लागलेली असते. इथे तोल जाताना हात ज्या झाडाकडे आपोआप जाईल ते झाड चोया असण्याची शक्यता दाट आहे. म्हणून दोन काठ्या हव्यातच. काठ्यांची लांबी उतारावर थोडी वाढवावी, पावले लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि वजन टाकण्यापूर्वी दगड हलतो का ते पाहावे. बूट झिजलेल्या तळव्यांचे नसावेत, एवढे एकच वाक्य त्यांना आधी सांगितले तरी अर्धे काम होईल.

घसाऱ्यावर चौघांनी एकमेकांच्या बरोबर खाली-वर चालू नये. वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या नडगीवर येतो. तिरक्या रांगेत चालावे, अवघड जागा एकाने पूर्ण पार केल्यावरच दुसऱ्याने तिच्यात शिरावे आणि मुलीला मोठ्यांच्या मध्ये ठेवावे. उतरताना एक अनुभवी माणूस सासऱ्यांच्या पुढे, एक पाऊल बाजूला असावा; मागून आधार देण्याचा काहीही उपयोग होत नाही.

न्यावे की नाही? न्यावे, असे माझे मत आहे, परंतु निर्णय दोन ठिकाणी घ्यायचा असे घरून ठरवून निघावे आणि ते त्यांच्याशी बोलूनच ठरवावे. पहिले ठिकाण शेवटच्या चढाचा पायथा. तिथवर गुडघ्याने तक्रार केली असेल तर त्यांनी आणि तुमच्यापैकी एकाने तिथेच थांबावे. तिथून गुहा दिसते आणि सकाळच्या थंडीत तासभर बसून राहणे मुळीच त्रासाचे नाही. दुसरे ठिकाण चढाच्या साधारण मध्यावर. तिथे थांबून, मागे वळून खाली पाहायचे आणि स्वतःला विचारायचे की आपण आलो ती वाट या क्षणी उतरू शकू का. चढताना ‘थोडेच राहिले आहे’ हा विचार फार जोर करतो आणि तो उताराचा हिशेब करत नाही. याशिवाय वेळेची मर्यादाही घालून घ्यावी: साडेसातला निघालात तर दहा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचे. मग गुहा हाकेच्या अंतरावर का असेना.

सहल_मेसा

मी थोडे वेगळे मत मांडते. कोणालाच वाळवंटाचा अनुभव नाही, बरोबर लहान मूल आहे आणि एकाचा गुडघा दुखरा आहे, अशा गटाने पहिल्याच खेपेला वेव्ह केव्ह निवडू नये. युजरीच्या उद्यानातली विंड केव्हची वाट एका बाजूने सुमारे दीड मैलांची आहे आणि चढाई आठशे फुटांच्या आसपास, म्हणजे आकडे जवळजवळ तेच. परंतु ती वाट नागमोडी वळणांनी सारख्या चढाने बांधून काढलेली आहे, खुणा स्पष्ट आहेत, उद्यानापर्यंत डांबरी रस्ता आहे, पिण्याचे पाणी आणि शौचालय आहे. वाहनामागे प्रवेशशुल्क भरले की झाले. तिथे लाटेसारखा दगड नाही, हे मान्य. वर आहे ती उथळ कपार; खालच्या ग्रॅनाइटवर ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाचा थर जिथे टेकला आहे, त्या सांध्यावर झिजून ती तयार झाली आहे. दरीचा देखावा मात्र तितकाच मोठा आहे. छायाचित्रासाठी गुडघा पणाला लावावा का, हे तुम्हीच ठरवा.

डॉ_कावेरी

मी पाण्याविषयी आणि इजांविषयी लिहिते.

वाळवंटात घाम दिसत नाही. हवा इतकी कोरडी असते की तो कातडीवर येताच उडून जातो आणि सदरा कोरडाच राहतो; त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही, असा समज होतो. उन्हाळ्यात अशा चढावर ताशी एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी शरीरातून जाऊ शकते. नोव्हेंबरअखेर तिथले दुपारचे तापमान साधारण सत्तर अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे एकवीस-बावीस सेल्सियसच्या आसपास असते. तेव्हा इतकी गरज पडत नाही. तरीही प्रत्येक मोठ्या माणसाने दोन लिटर आणि मुलीसाठी एक लिटर घ्यावे, शिवाय गाडीत निराळे पाणी ठेवावे. पाणी मैलांवर मोजू नये, तासांवर मोजावे. तीन मैल म्हटले की एक बाटली पुरेल असे वाटते. चार तास म्हटले की तसे वाटत नाही. निम्मे पाणी संपले आणि गुहा आली नसेल तर परतावे.

नुसते पाणी पीत राहणेही बरोबर नाही. घामावाटे मीठही जाते. ते भरून न काढता भराभर पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम उतरते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे उष्माघातासारखीच दिसतात आणि घाबरून माणसाला आणखी पाणी पाजले जाते. म्हणून तासागणिक काहीतरी खारे खावे आणि तहान लागेल तसे पाणी प्यावे. तुमच्या सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गटातली आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे; तशी असेल तर पाणी आणि मीठ यांचा समतोल अधिक जपावा लागतो. ज्यांना मीठ कमी करण्यास सांगितलेले आहे त्यांनी माझ्या सल्ल्यापेक्षा स्वतःच्या डॉक्टरांचे ऐकावे.

चोयाची तयारी करून जावे. त्याचे पेर इतके सहज सुटते की ओझरता स्पर्श झाला तरी ते कपड्याला किंवा कातडीला चिकटून येते. काट्यांना मागे वळलेले सूक्ष्म दात असतात. चिकटलेले पेर हाताने काढायला गेले की ते हातालाही चिकटते. रुंद दातांचा कंगवा पेर आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून झटक्याने उडवावे, त्या दिशेला कोणी उभे नसल्याची खात्री करून. उरलेले काटे चिमट्याने ओढावेत. कंगवा आणि चिमटा सहज हाती लागतील अशा कप्प्यात असावेत. मुलीला पूर्ण लांबीची जाड विजार घालावी.

रॅटलस्नेक साप त्या सुमारास बहुतेक आत असतात, परंतु उबदार दिवशी दगडावर ऊन खात बसू शकतात. शेवटच्या चढावर हात टेकावे लागतात, असे वर लिहिले आहे. जी कपार डोळ्यांना दिसत नाही तिच्यात बोटे घालू नयेत, ही सवय मुलीला आधीच लावावी. दंश झालाच तर जखम कापणे, रक्त शोषणे, वर घट्ट बांधणे, बर्फ लावणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, घड्याळ काढावे, अंग शक्य तितके स्थिर ठेवावे आणि ९११ ला फोन करावा. मला सापापेक्षा मधमाश्यांची काळजी अधिक वाटते. आफ्रिकी संकराच्या आक्रमक मधमाश्या ॲरिझोनात १९९३ मध्ये पोहोचल्या आणि आता त्या सगळीकडे आहेत. कपारी आणि गुहा या त्यांच्या आवडीच्या जागा. गुहेच्या आसपास घोंघावणे ऐकू आले तर तिथेच थांबावे आणि मागे फिरावे. हल्ला झाला तर हात न झटकता, तोंड आणि नाक कपड्याने झाकून सरळ पळावे आणि बंद गाडीत शिरावे. अर्थात घसाऱ्यावर पळणे सोपे नाही, म्हणूनच घोंघावणे ऐकताच मागे फिरायचे.

सायली_ज

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. सहल_मेसा यांचा मुद्दा घरी सर्वांपुढे वाचून दाखवला. सासऱ्यांचे म्हणणे असे पडले की दोन ठिकाणी निर्णय घेण्याची अट त्यांना मान्य आहे आणि ती पाळली जाईल. म्हणून आम्ही असे ठरवत आहोत की पहिल्या सकाळी विंड केव्ह करावी आणि गुडघ्याने साथ दिली तर एक दिवस विश्रांती घेऊन वेव्ह केव्हला जावे.

आणखी दोन प्रश्न आहेत. ही गुहा खोल आहे का, आत विजेरी लागेल का? आणि तो लाटेसारखा दगड मुळात तयार कसा झाला? मुलीने विचारले आणि मी ‘वाऱ्यामुळे’ असे सांगून वेळ मारून नेली, परंतु सासऱ्यांचा चेहरा पाहता त्यांना ते उत्तर पटलेले नाही.

भूस्तर

सासऱ्यांना उत्तर पटले नाही यात त्यांचा काही दोष नाही.

ही जमिनीखाली शिरलेली गुहा नाही. डोंगराच्या अंगात कोरलेली, पुढून सताड उघडी असलेली मोठी कपार आहे. दिवसा आत भरपूर उजेड असतो. विजेरी मात्र प्रत्येकाकडे असावी, ती गुहेसाठी नव्हे, तर काही कारणाने उतरायला उशीर झाला तर. फोनची विजेरी या कामाची नाही, कारण उतारावर हात मोकळे लागतात.

आपला सह्याद्री बेसाल्टचा, म्हणजे शांतपणे पसरत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आणि साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सुपरस्टिशन पर्वत त्या मानाने तरुण आहे. तिथले उद्रेक ढोबळमानाने अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांतले बरेचसे स्फोटक होते. तापलेली राख आणि खडकांचे तुकडे प्रचंड प्रमाणात बाहेर पडले, साचले आणि स्वतःच्याच उष्णतेने व वजनाने चिकटून दगड बनले. या राखेच्या दगडाला टफ म्हणतात. टफचे सगळे थर सारखे घट्ट नसतात. कुठे राख पक्की जुळलेली असते, तर कुठे ती भुसभुशीत राहून जाते. पाणी झिरपणे, क्षारांचे स्फटिक वाढून कण सुटे करणे, दिवसाच्या उष्णतेने आणि रात्रीच्या थंडीने दगड ताणला जाणे, यांनी आधी नरम थर खाल्ला जातो आणि वर-खाली कठीण थर शिल्लक राहतात. नरम थराच्या जागी कपार होते आणि तिच्या ओठाशी कठीण दगडाची जीभ बाहेर उरते. छायाचित्रात लाट म्हणून दिसते ती हीच. वाऱ्याचा वाटा आहे, परंतु तो सुटलेले कण उचलून नेण्यापुरता. कोरीवकाम मुख्यतः ओलाव्याचे आहे, वाळवंट असूनही.

म्हणून दोन विनंत्या. त्या जिभेवर एका वेळी एकानेच उभे राहावे आणि उडी मारतानाचे छायाचित्र काढू नये. एका बाजूने मोकळा सुटलेला, झिजत चाललेला दगड आहे तो. आणि टफवर चावीनेही सहज ओरखडा उठतो, तेव्हा नावे कोरण्याचा मोह इतरांना झालेला दिसला तरी मुलीला तो मोह होऊ देऊ नये.

रानवाटसरू

छायाचित्राविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे सांगतो. गुहेच्या आतून बाहेर पाहिले की आतला दगड अंधारा आणि बाहेरचे मैदान लख्ख, अशी परिस्थिती असते. फोनवर बाहेरच्या उजेडाला बोट लावून प्रकाश ठरवला तर माणसाची काळी आकृती आणि मागे स्पष्ट वाळवंट असे चित्र मिळते. आत बोट लावले तर दगडाचा पोत दिसतो, परंतु आकाश पांढरे पडते. पुष्कळ जण सूर्यास्ताच्या उजेडासाठी संध्याकाळी जातात आणि घसारा अंधारात उतरतात. तुमच्या गटाने त्या फंदात पडू नये.

ड्रोन नेऊ नये. वाइल्डरनेसमध्ये तो उडवण्या-उतरवण्यास मनाई आहे. गटात पंधराहून अधिक माणसे नकोत, हाही नियम आहे. नणंदेचा मित्रपरिवार बरोबर यायचे म्हणत असेल तर हे लक्षात असू द्यावे. संत्र्याची साल, पिस्त्याची टरफले काहीही मागे ठेवू नये. कोरड्या हवेत ते कुजत नाही, वर्षानुवर्षे तिथेच राहते. गुहेत आधीच कोणी असेल तर त्यांचे आटोपेपर्यंत खालीच थांबावे, कारण जागा फार नाही आणि आवाज चांगलाच घुमतो.

फोनला डोंगराच्या घळीत संपर्क मिळेलच असे नाही. निघताना नणंदेला लिहून कळवावे: कार्नी स्प्रिंग्जचा पायथा, चौघे जण, गाडीचा क्रमांक, एक वाजेपर्यंत फोन न आल्यास पिनाल काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला कळवणे. फक्त ‘वेव्ह केव्हला जातोय’ एवढेच कळवले तर शोधणारे युजरीच्या उद्यानात जातील.

आणि ही सगळी चर्चा नोव्हेंबरची आहे, हे पुढे कधी हा धागा वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट करतो. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर गेले होते. अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी फिनिक्स शहर कॅमलबॅकसारख्या आपल्या अवघड वाटा दिवसाउजेडी काही तास बंद ठेवते. टोंटोच्या या वाटेवर तसे दार लावायला कोणी येत नाही. मे ते सप्टेंबर या काळात ही वाट करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे; त्यातही १५ जून ते ३० सप्टेंबर हा तिथला मान्सूनचा काळ असतो आणि दुपारच्या वादळाने कोरडा ओढा पाहता पाहता भरतो.

सायली_ज

सर्व मुद्दे लिहून घेतले आहेत. विंड केव्ह बुधवारी, वेव्ह केव्ह शुक्रवारी पहाटे घरून निघून, गाडी नणंदेची. काठ्यांचे दोन जोड आज मागवले आणि सासऱ्यांनी नव्या बुटांनी रोजचे फिरणे सुरू केले आहे. आता फक्त परवाना काढायचा राहिला आहे. कुटुंबासाठी एकच परवाना असतो असे दिसते, तो आम्हा चौघांना पुरेल का?

रानवाटसरू

नाही पुरणार. कुटुंबाच्या परवान्यात दोन प्रौढ आणि अठरा वर्षांखालील मुले एवढेच धरले जातात. तुम्ही, यजमान आणि मुलगी त्यात येता. सासऱ्यांसाठी वैयक्तिक परवाना वेगळा काढा आणि दोन्हींच्या प्रती गाडीत नव्हे, पाठीवरच्या पिशवीत ठेवा.